पाचच हात वर येतात तेव्हा काय करावं: नव्याने रुजू झालेल्या शिक्षकांसाठी

रुजू झालो त्या वर्षी माझ्याकडे तिसरी आणि चौथी एकत्र होती. बालाघाटाच्या डोंगराकडेची द्विशिक्षकी शाळा, पटावर ३४ मुलं. मी जीव तोडून शिकवायचो, फळा भरून टाकायचो आणि तास संपताना विचारायचो, "समजलं का?" सगळा वर्ग एका सुरात म्हणायचा, "हो सऽऽर!" पहिल्या चाचणीचे कागद तपासायला घेतले, तर निम्म्यांनी फक्त प्रश्न उतरवून काढले होते. त्या रात्री मी एकेका मुलाचा आवाज आठवून पाहिला. पाच जणांचे आठवले. बाकीच्यांचा आवाज मी दोन महिन्यांत हजेरीपलीकडे ऐकलाच नव्हता.

अशा गप्प मुलांना तासात बोलतं कसं करायचं, हे पुढच्या वर्षांत जे चुकतमाकत शिकलो ते इथे क्रमाने लिहितो आहे. तुम्ही पहिली ते पाचवीला शिकवत असाल, वर्गात साधा फळा आणि सतरंजी एवढंच असेल, तरी यातलं सगळं करता येईल.

एक गोष्ट आधीच सांगतो. याला सहभागी अध्यापन म्हणतात. ते म्हणजे गाणी, टाळ्या आणि रंगीत तक्ते, असा समज प्रशिक्षणातून परतताना बहुतेकांचा होतो. माझाही झाला होता. पण मुलाने काही सांगितलं आणि त्यामुळे तुमचा तास पुढे वेगळा वळला, तर तो सहभाग. तुम्ही ठरवलेलंच सगळं झालं आणि मुलांनी फक्त टाळ्या वाजवल्या, तर तसं म्हणता येणार नाही.

सुरू करण्याआधी जवळ काय हवं

साहित्य: खराट्याच्या काड्या (एकाच मापात कापलेल्या, ३०० तरी), सुतळी किंवा रबर, चिंचोके, खडू, जुन्या वह्यांची कोरी पानं, रांगोळी, एक मोजपट्टी. पहिलीच्या मुलांच्या हातात चिंचोके, मणी देऊ नका. ती नाकात किंवा तोंडात घालतात. त्यांना बाटल्यांची झाकणं द्या.

कागद: वार्षिक आणि मासिक नियोजन, पाठ टाचण (तासाची लेखी तयारी), तुमच्या इयत्तेच्या अध्ययन निष्पत्तींची (मुलांना वर्षअखेर काय यायला हवं याची) यादी, आकारिक मूल्यमापनाची (वर्षभर शिकता शिकता होणाऱ्या मूल्यमापनाची) नोंदवही आणि एक साधी शंभर पानी वही. ही शेवटची वही कुणी तपासणार नाही, पण सर्वांत जास्त उपयोग तिचाच होईल.

तक्ते आणि लॅमिनेशनवर खिशातले पैसे घालू नका. मी पहिल्या वर्षी घातले. तक्ते सुंदर झाले आणि मुलांनी त्यांना हात लावू नये म्हणून मीच ओरडत राहिलो. विकत काही घ्यायचंच असेल तर मुख्याध्यापकांशी बोला. शाळेला सरकारकडून मिळणाऱ्या संयुक्त शाळा अनुदानातून, शाळा व्यवस्थापन समितीसमोर ठेवून घेता येतं. पावती जपा, साठा नोंदवहीत नोंद करा.

१. आठ दिवस नुसती नोंद ठेवा

पद्धत लगेच बदलू नका. त्या शंभर पानी वहीत वर्गाचा नकाशा काढा: कोण कुठे बसतं. नेहमीसारखं शिकवा आणि कुणी स्वतःहून बोललं की त्याच्या नावापुढे एक रेघ मारा. तुम्ही नाव घेऊन विचारलं आणि उत्तर आलं, तर टिंब. आठव्या दिवशी पान बघा. रेघा एकाच कोपऱ्यात, बहुधा तुमच्या खुर्चीजवळ, गोळा झालेल्या दिसतील. माझ्या पानावर अकरा नावांपुढे काहीच नव्हतं आणि त्यात आठ मुली होत्या.

ही कोरी नावं वेगळी लिहून ठेवा. पुढची प्रत्येक पायरी याच मुलांसाठी आहे. त्या पाच जणांना तुमची फारशी गरज नसते.

२. मुलांचे शब्द गोळा करा

मूल गप्प राहण्याचं एक मोठं कारण म्हणजे आपले शब्द शाळेत चालत नाहीत, हे त्याला पहिल्याच महिन्यात कळतं. माझ्या वर्गातली एक मुलगी पाण्याचे स्रोत सांगताना "हीर" म्हणाली. मी चटकन "विहीर म्हण" असं दुरुस्त केलं. ती खाली बसली आणि दिवाळीपर्यंत पुन्हा उठली नाही. तिचं उत्तर बरोबर होतं, आणि तिला ऐकू आलं ते एवढंच की आपलं चुकलं.

आता मी फळ्याच्या एका बाजूला कायम एक चौकट ठेवतो. मुलांनी घरचा शब्द वापरला की तो चौकटीत, शेजारी पुस्तकातला शब्द. हीर – विहीर. माळवं – भाजीपाला. येरवाळी – लवकर. दोन्ही वाचायचे, दोन्ही लिहायचे. तुम्ही पालघरला वारली, मेळघाटात कोरकू, नंदुरबारला पावरी किंवा खानदेशात अहिराणी बोलणाऱ्या मुलांमध्ये असाल, तर ही चौकट आणखी मोठी करा आणि तिच्यातले शब्द मुलांकडूनच शिकून घ्या. शिक्षक आपल्याकडून काही शिकतो आहे हे दिसलं की मुलं ज्या उत्साहाने बोलायला लागतात, तो बघण्यासारखा असतो.

३. प्रश्न बदला आणि मग थांबा

"समजलं का?" हा प्रश्न आजपासून बंद करा. त्याला "हो" सोडून दुसरं उत्तर देण्याची हिंमत आठ वर्षांच्या मुलाकडे नसते. "पाण्याचे स्रोत कोणते?" याचं उत्तर पुस्तकात आहे, ते पाठ असलेलाच हात वर करणार. त्याऐवजी विचारा, "तुमच्या घरी आज सकाळी पाणी कुठून आलं? कुणी आणलं?" याचं उत्तर प्रत्येकाकडे असतं आणि प्रत्येकाचं वेगळं असतं.

प्रश्न विचारल्यावर थांबा. हे लिहायला सोपं आहे, करायला फार अवघड. मेरी बड रो या अमेरिकी संशोधक बाईंनी वर्गांमधलं बोलणं ध्वनिमुद्रित करून तपासलं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादा सेकंदच थांबतात आणि मग स्वतः उत्तर देतात किंवा दुसऱ्याकडे वळतात, असं त्यांना आढळलं. तीन सेकंद किंवा जास्त थांबल्यावर उत्तरं लांबली, गप्प मुलं बोलू लागली, "माहीत नाही" म्हणणं कमी झालं. मी मनात "एक आंबा, दोन आंबे" असं पाच आंब्यांपर्यंत मोजतो. पहिले काही दिवस ती शांतता खायला उठते. तरी थांबा, आणि तोवर त्या पाच हातांकडे बघू नका.

इथला सापळा तुमचा चेहरा. चुकीचं उत्तर आलं की भुवया वर जातात, बरोबर आलं की मान डोलते. मुलं गणितापेक्षा आधी शिक्षकाचा चेहरा वाचायला शिकतात. म्हणून आलेली सगळी उत्तरं फळ्यावर लिहा, खूण कुठलीच करू नका, आणि मग वर्गालाच विचारा, "यातलं कोणतं पटतं? का?"

४. आधी मनात, मग शेजाऱ्याला, मग सगळ्यांना

एकच तंत्र शिकायचं असेल तर हे शिका. फ्रँक लायमन या अमेरिकी प्राध्यापकांनी १९८१ मध्ये ते मांडलं. प्रश्न विचारायचा. मिनिटभर प्रत्येकाने गप्प बसून विचार करायचा, लिहिता येत असेल तर दोन शब्द लिहायचे. मग दोन मिनिटं शेजाऱ्याला सांगायचं. मग काही जोड्यांनी वर्गाला सांगायचं.

जे मूल ३४ जणांसमोर तोंड उघडत नाही, ते शेजारणीच्या कानात नक्की बोलतं. मात्र वर्गासमोर सांगताना नियम असा ठेवा की आपलं नाही, शेजाऱ्याचं म्हणणं सांगायचं. त्यामुळे ऐकावं लागतं, आणि उत्तर चुकलं तरी लाज वाटत नाही, कारण "ती म्हणाली" असं सांगायचं असतं. त्या "हीर"वाल्या मुलीचा आवाज वर्गाने असाच पुन्हा ऐकला, तिच्या मैत्रिणीच्या तोंडून. आठवडाभराने ती स्वतः उभी राहिली.

बोलक्या मुलांना आवरायचं कसं? प्रत्येकाला दोन चिंचोके द्या. बोललं की एक मध्ये ठेवायचा. दोन्ही संपले की त्या तासाला फक्त ऐकायचं. बोलक्यांना ओरडावं लागत नाही; ती स्वतःच विचार करून चिंचोका खर्च करतात.

५. गट पाडा, पण मुलांवर सोडू नका

"चला, गट करा" म्हटलं की मुलं मुलांत आणि मुली मुलींत बसतात. त्याहून खोल पाहिलं तर गट वाडी-वस्तीप्रमाणे आणि जातीप्रमाणे पडलेले दिसतात. गावातली फाळणी सतरंजीवर जशीच्या तशी उतरते. हे आपण बघून न बघितल्यासारखं करायचं नाही. मी कडुनिंब, चिंच, पिंपळ आणि आंब्याची पानं टोपलीत ठेवतो. हाताला येईल ते पान, तोच गट. चार-पाच जणांपेक्षा मोठा गट नको. सहावा नेहमी खिडकीबाहेर बघत असतो.

प्रत्येकाला काम द्या: साहित्य आणणारा, वाचणारा, लिहिणारा, सांगणारा. दर आठवड्याला कामं फिरवा, नाहीतर लिहिणारी कायम सुंदर अक्षराची मुलगी आणि सांगणारा कायम सरपंचाचा मुलगा. सूचना आधी द्या, साहित्य नंतर. हातात काड्या आल्यावर तुमचं बोलणं कुणीही ऐकत नाही, मोठ्यांच्या प्रशिक्षणातही नाही. एका मुलाकडून सूचना परत वदवून घ्या आणि मगच सुरू करा.

गोंगाट होणार. शांततेची खूण ठरवून ठेवा: मी दोन टाळ्या वाजवल्या की मुलं तीन वाजवतात आणि थांबतात. छडी हातात घेऊन सहभाग मिळत नाही. शिवाय शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी आहे.

६. एक पूर्ण तास: दशक आणि एकक

नव्यांना सर्वांत जास्त मदत एका सबंध तासाच्या वर्णनाने होते, म्हणून दुसरीचा एक तास सविस्तर सांगतो.

मराठीत संख्या शिकणाऱ्या मुलाची खरी अडचण आधी समजून घ्या. आपण "पस्तीस" म्हणताना पाच आधी म्हणतो आणि लिहिताना तीन आधी लिहितो. त्यामुळे ३५ ऐकून मूल ५३ लिहितं, आणि आपण त्याला निष्काळजी म्हणतो. "एकोणतीस"मध्ये तर तीस ऐकू येतात आणि लिहायचे असतात २९. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात "वीस एक, वीस दोन" असं वाचनही दिलं, तेव्हा मोठा वाद झाला होता. वाद बाजूला ठेवा. अडचण खरी आहे आणि ती काड्यांनी सुटते.

पहिली पाच मिनिटं: मध्ये काड्यांचा ढीग. "किती असतील?" प्रत्येकाचा अंदाज फळ्यावर, सगळे.

पुढची दहा: प्रत्येक गटाला एक मूठ काड्या, मोजा. मोजताना मी मुद्दाम मध्येच हाक मारतो, "इकडे बघा!" आकडा विसरतो, पुन्हा एकपासून मोजावं लागतं. दुसऱ्यांदा मोडल्यावर मुलं वैतागतात. आता विचारायचं, "मध्येच कुणी हाक मारली तरी विसरू नये म्हणून काय करता येईल?" आणि थांबायचं. दहाचा गठ्ठा करा, असं तुम्ही सांगू नका. एका वर्षी एक गट पाचाचे ढीग करत होता, एक जण भिंतीवर रेघा मारत होता. मागच्या रांगेतला एक मुलगा, ज्याचे आई-वडील दरवर्षी ऊसतोडीला जातात, सुतळी मागायला आला. म्हणाला, "सर, मोळी बांधत्यात तसं बांधू का?" मी त्या दिवसापासून दशकाला वर्गात मोळीच म्हणतो. त्याचं नाव त्या वर्षीच्या माझ्या कोऱ्या नावांत होतं.

पाचाच्या मोळ्या आणि दहाच्या मोळ्या, दोन्ही होऊ द्या. कुठल्या मोजायला सोप्या, हे दोन गटांनाच ताडून पाहू द्या. मग सगळ्यांनी दहाच्या बांधायच्या.

पुढची दहा: तुम्ही संख्या बोला, गट काड्या मांडतील. पस्तीस: तीन मोळ्या, पाच सुट्या. डावीकडे मोळ्या, उजवीकडे सुट्या, आणि त्यांच्याखाली लगेच अंक. मग एकोणतीस. मुलं तीन मोळ्या मांडतात. "एकोण म्हणजे एक उणा. तिसातून एक काढा." एक काडी काढायची तर मोळी सोडावी लागते. सोडल्यावर समोर राहतात दोन मोळ्या आणि नऊ सुट्या. तिथे वर्गात जो "आं!" असा आवाज येतो, त्यासाठी हा तास घ्यावा. मग ती स्वतःच एकोणचाळीस, एकोणपन्नास करून बघतात. नव्व्याण्णव मात्र या चालीने जात नाही, तेही त्यांना शोधू द्या.

शेवटची दहा: पाटीवर किंवा वहीत प्रत्येकाने तीन संख्या लिहायच्या आणि शेजाऱ्याने त्या काड्यांनी मांडून तपासायच्या. शेवटी कोऱ्या नावांतल्या दोघांपाशी जाऊन बसा. बाकी वर्ग आपलं काम करत असतो, म्हणूनच ही दहा मिनिटं तुम्हाला मिळतात.

दोन इयत्ता एकत्र असतील तर एकीला असं काम लावून दुसरीला शिकवा आणि मग अदलाबदल करा. एकाच दिवशी दोन्हीकडे नवा उपक्रम सुरू करू नका.

७. वर्गाबाहेर

परिसर अभ्यासाचा निम्मा भाग दाराबाहेर आहे. मैदानात रांगोळीने गावाचा नकाशा काढा. उत्तर दिशा आणि शाळा तुम्ही दाखवा, बाकी सगळं मुलं भरतील. गावातल्या आजींना वर्गात बोलवा आणि मुलांनी तयार केलेले प्रश्न विचारू द्या. शिवाराबाहेर जायचं असेल तर मुख्याध्यापकांची लेखी परवानगी, पालकांना पूर्वसूचना, दर दहा-बारा मुलांमागे एक मोठं माणूस. विहिरी आणि शेततळ्यांपासून लांब.

८. नोंदी आणि घरचे

हे सगळं करताना नोंदी कधी करायच्या, ही भीती असते. पण आकारिक मूल्यमापनाची साधनं बघा: दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम किंवा कृती, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय. यातली बहुतेक वरच्या तासातच झालेली असतात. रोज फक्त चार मुलांची एकेक ओळ लिहा. "चांगली प्रगती" लिहू नका. "एकोणतीस मांडताना स्वतः मोळी सोडली" असं लिहा. महिन्याला प्रत्येकाच्या दोन-तीन ओळी होतात आणि वर्णनात्मक नोंदींसाठी वेगळं जागरण करावं लागत नाही.

"सर शिकवत नाहीत, खेळवतात," असं पालक म्हणणारच. रागावू नका. समितीच्या सभेला पालकांसमोर पंधरा मिनिटांचा तास घ्या आणि काड्या त्यांच्याही हातात द्या. भेटीला आलेल्या साहेबांनी शांत वर्गाची अपेक्षा केली, तर टाचण दाखवा आणि नम्रपणे सांगा की शिक्षण हक्क कायद्याचं कलम २९ कृतीतून, शोधातून, मुलाला भीती न वाटता शिकवावं असंच सांगतं. आणि ही काही बाहेरून आलेली टूम नाही. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडला हेच केलं. गुरं राखणारी मुलं शाळेत येत नाहीत म्हणून त्यांनी कुरणातच शाळा नेली.

९. हंगामात जाणारी मुलं

तुमची शाळा ऊसतोड मजुरांच्या गावात असेल तर दिवाळीच्या सुमारास पट निम्म्यावर येतो. जमवलेले गट मोडतात आणि त्यासोबत आपणही मोडतो. आधी पालकांशी बोलून मूल हंगामी वसतिगृहात किंवा आजीजवळ राहू शकतं का ते पाहा. जाणारच असेल तर शिक्षण हमी पत्रक (मूल कुठल्या इयत्तेत, किती शिकलं हे सांगणारं शाळेचं पत्रक) हातात देऊनच पाठवा, म्हणजे कारखान्याजवळच्या शाळेत बसता येईल. गटाच्या पाटीवरून नाव पुसू नका.

सोबत एक कोरी वही द्या आणि पाचच कामं: रोज किती मोळ्या बांधल्या, एका बैलगाडीत किती मावल्या, तिथे ऐकलेले नवे शब्द, नव्या गावाचा नकाशा, आणि हवं ते एक चित्र. सगळ्या वह्या भरून येत नाहीत. काही भिजतात, काही हरवतात. तो सुतळी मागणारा मुलगा एप्रिलमध्ये परतला तेव्हा त्याच्या वहीची नऊ पानं भरलेली होती, त्यातली सहा मोळ्यांच्या हिशोबाची. अशी वही आली की ती त्याला वर्गासमोर वाचू द्या, आणि त्या आकड्यांवरच पुढच्या आठवड्याचं गुणाकाराचं टाचण लिहा.